लिटल डॉट एमके थ्री प्रीअ‍ॅम्प म्हणून: गेनचा हिशेब आणि आतापर्यंतची प्रगती

स्वस्तातला ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प स्टिरिओचा प्रीअ‍ॅम्प म्हणून, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पच्या आधी व्हॉल्यूम सांभाळायला, लावायचा असेल, तर आधी गेनचा, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो याचा, हिशेब मांडा. ट्यूब कुठली, केबल कुठली हे सगळं नंतर. आवाज पटला नाही म्हणून लोक ट्यूब बदलत बसतात, आणि खरा घोळ बहुतेक वेळा गेनमध्ये असतो.

माझी जोडणी साधी आहे. डॅकमधून (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारी पेटी) लिटल डॉट एमके थ्री हा ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प, त्याच्या मागच्या प्री-आउटमधून व्हॉल्यूम नसलेला पॉवर अ‍ॅम्प, आणि पुढे ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचे बुकशेल्फ स्पीकर. लिटल डॉट ओटीएल आहे, म्हणजे त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. सात पिनांच्या दोन छोट्या ६एके५ वर्गातल्या ट्यूब ड्रायव्हर म्हणून, आणि आउटपुटला दोन ६एन६पी. हा आउटपुट हेडफोनला करंट पुरवण्यासाठी बनवलेला आहे, त्यामुळे पॉवर अ‍ॅम्पचा ४७ किलो-ओहमचा इनपुट त्याला जाणवतही नाही. लांब केबलही तो सहज ओढतो. म्हणूनच या कामासाठी मला असा हेडफोन अ‍ॅम्प बाजारातल्या एका ट्यूबच्या स्वस्त बफर-बोर्डापेक्षा सरस वाटतो.

आता हिशेब. डॅक पूर्ण सिग्नलला २ व्होल्ट देतो. पॉवर अ‍ॅम्पचा गेन २९ डीबी, म्हणजे साधारण २८ पट. ८ ओहमला ५० वॅट द्यायचे तर स्पीकरवर २० व्होल्ट हवेत, त्यासाठी अ‍ॅम्पच्या इनपुटला ०.७ व्होल्ट पुरतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये रोजचं ऐकणं तर शिखरांनासुद्धा एखाद्या वॅटच्या आसपास असतं: स्पीकरवर २.८ व्होल्ट, इनपुटला फक्त ०.१ व्होल्ट. म्हणजे २ व्होल्टचा सिग्नल २६ डीबीने कमी करायचा आहे, आणि मध्ये आपण तो वाढवणारं यंत्र बसवतोय!

लिटल डॉटच्या तळाशी गेनचे छोटे स्विच आहेत: ३, ४, ५ किंवा १० पट. १० पटीवर पॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या रेझिस्टरला, ४६ डीबी मारावे लागतात. नॉब घड्याळातल्या आठच्या जागेच्या जरा पुढे सरकला की हॉल भरतो, आणि पॉटच्या त्या टोकाला डावं-उजवं कधीच नीट जुळत नाही. २०० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने मोजलं तर नॉब आठवर असताना डावीकडे ५० मिलिव्होल्ट आणि उजवीकडे ६३ मिळाले, म्हणजे तब्बल २ डीबीचा फरक. गायक मधून सरकून उजव्या स्पीकरकडे जातो तो यामुळे. अकरावर तेच आकडे ४१२ आणि ४२४, म्हणजे पाव डीबी. तो कानाला कळत नाही. (टोन २०० हर्ट्झचाच घेतला, कारण साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी नीट मोजत नाहीत. आणि मोजताना स्पीकर काढून ठेवा.)

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळे स्विच ३ पटीवर. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, दोन्ही चॅनलचे सारखेच. याने दहा डीबी सुटतात, तरी नॉब नऊच्या पुढे जाईना.

दुसरं काम पॅडचं, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरांचं. पॉवर अ‍ॅम्पच्या टोकाला प्रत्येक चॅनलमध्ये १० किलो-ओहम सिरीजला आणि ४.७ किलो-ओहम ग्राउंडला. अ‍ॅम्पचे ४७ किलो-ओहम धरून हे साडेदहा डीबी कमी करतं. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर आरसीए प्लगच्या टोपीत मावतात, खर्च चहाच्या बिलाएवढा. पॅड प्रीअ‍ॅम्पच्या आधी न लावता नंतर लावायचं कारण महत्त्वाचं आहे: नंतर लावलं की सिग्नलबरोबर ट्यूबची सरसर आणि तिचा हमही (सततची घुमघुम) साडेदहा डीबीने खाली येतो. आधी लावलं तर फक्त सिग्नल खाली येतो, सरसर आहे तिथेच राहते. मला विचाराल तर सगळ्या प्रयोगात सर्वांत मोठा फरक याच दोन रेझिस्टरांनी पडला. ट्वीटरला कान लावल्याशिवाय आता काही ऐकू येत नाही, आणि नॉब साडेदहा-अकराच्या आसपास फिरतो.

मात्र पॅडमुळे प्रीअ‍ॅम्पला दिसणारा लोड ४७ वरून साधारण १४ किलो-ओहमवर येतो. ओटीएल हेडफोन अ‍ॅम्पचा आउटपुट कपॅसिटर मोठा असतो, त्याला हे चालतं. पण तुमच्या प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर खालचा कट (ज्याखालचे स्वर घटू लागतात ती फ्रिक्वेन्सी) ३.४ हर्ट्झवरून ११ हर्ट्झवर सरकेल. तिथे कपॅसिटर वाढवा, नाहीतर पॅडच्या किमती दुपटी-तिपटीने वाढवा.

पण मला जो मोठा हम यायचा त्याची गोष्ट वेगळी. तो ट्यूबचा नव्हताच. रात्री तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं की लक्षात यायचं. पुरुष गायकाचा सा बहुधा काळी एकच्या आसपास, तिथून मोजलं तर हमचा १०० हर्ट्झचा स्वर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. तानपुऱ्यामागे असा स्वर सतत चालू राहिला तर कुणालाही सोसवणार नाही. शोधायची रीत अशी: इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नलची पिन थेट ग्राउंडला जोडणारे) लावले, हम गेला. म्हणजे ट्यूब आणि पॉवर सप्लाय निर्दोष. मग एकेक जोडणी परत लावत गेलो, आणि टीव्हीकडून डॅककडे येणारी केबल जोडताच हम परत आला. सेट-टॉप बॉक्सच्या कोअ‍ॅक्स केबलची बाहेरची धातूची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली, त्यातून ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थांमधून केबलमध्ये फिरणारा करंट. टीव्ही ते डॅक ऑप्टिकल केबल घातली आणि सगळं एका स्पाइक बोर्डवर आणलं, विषय संपला. हम घालवायला तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. तो कधीही मानू नका. धातूची चासी, आत शंभर व्होल्टच्या वर डीसी आणि २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे.

चालू-बंद करण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधी प्रीअ‍ॅम्प, ट्यूब तापून मिनिट-दोन मिनिटं गेली की पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना उलट. ओटीएलचे कपॅसिटर भरताना जो धक्का बाहेर येतो तो हेडफोन सोसतात, २८ पट होऊन वूफरवर गेला तर कोनच बाहेर येईल.

ट्यूबबद्दल आता. ड्रायव्हरच्या जागी ईएफ९५ किंवा रशियन ६झेडएच१पी-ईव्ही चालतात. स्पीकरबरोबर वापरताना ट्यूब कशी वाजते यापेक्षा ती किती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हलल्यावर किती आवाज काढते, हे आधी बघा. पेन्सिलीने हलकी टकटक करा. स्पीकरमधून घंटेसारखं घुमलं तर ती ट्यूब हेडफोनसाठी ठेवा, कारण इथे स्पीकरचा आवाजच तिला हलवणार. त्याच कारणाने अ‍ॅम्प स्पीकरच्या फळीवर ठेवू नका. जुन्या बाजारात बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ईसीसी८२, ईसीसी८३ अजून मिळतात. बेंगळुरूच्या बीईएलने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, त्यामुळे त्या हाती आल्या की आपलेपणा वाटतोच. पण ६एन६पीच्या नऊ पिनी सॉकेटमध्ये त्या बसल्या तरी लावू नका. त्यांचा हीटर ४ आणि ५ पिनांमध्ये १२.६ व्होल्ट मागतो, इथे ६.३ मिळतात, शिवाय ६एन६पीएवढा करंट देण्याची त्यांची ताकद नाही.

आणि उष्णता. चारही ट्यूबचे हीटरच मिळून जवळपास १२ वॅट खातात. एप्रिल-मेमध्ये बंद शोकेसमध्ये ठेवायचा विचारही करू नका.

आवाजाचं काय, हे सगळे विचारतात. मल्टिमीटरने दोन्ही बाजूंची पातळी जुळवून, डॅकच्या स्वतःच्या डिजिटल व्हॉल्यूमशी तुलना केली. फरक आहे, पण लहान आहे. ०.१ ते ०.३ व्होल्ट देताना ट्यूब आपल्या वक्राचा अगदी छोटा तुकडा वापरते, विकृती तिथे कमीच असते. त्यामुळे नुसत्या ट्यूब लावून आवाज मधाळ होतो, या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. मला फरक जाणवतो तो गळ्यावर आणि सारंगीच्या गजावर: कडा किंचित मऊ, आणि मंद आवाजातही भरीवपणा टिकतो. तबल्याचा बायाँ मात्र डॅक थेट जोडल्यावर जास्त घट्ट वाटतो. पातळी न जुळवता ऐकलं तर ट्यूब प्रत्येक वेळी जिंकते, कारण ती नकळत एखादा डीबी मोठी वाजत असते. तुलना करणाऱ्यांनी आधी मीटर लावावा.

पुढे पॉटच्या जागी २४ पायऱ्यांचा ५० किलो-ओहमचा स्टेप्ड अटेन्युएटर बसवायचा आहे. पॅडमुळे नॉब मधल्या पट्ट्यात आल्याने २ डीबीच्या पायऱ्या पुरतील असं गणित आहे. चासीत खोलीला जागा आहे का ते आधी मोजतो, कारण पॉटच्या मागे लगेच ड्रायव्हर ट्यूबच्या सॉकेटची वायरिंग येते आणि ट्यूबच्या ग्रिडला सिग्नल नेणारी वायर लांबवायची माझी तयारी नाही.