ताई, तुम्ही लाटणं करा

मागे एका रविवारी मी नेरूळहून ठाण्याला लाकूड कातायला गेले होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कातायचं काय? सूत की लाकूड?" म्हटलं लाकूड, कातारी करतात ते. तर म्हणे त्याला ठाण्याला कशाला जायचं, आणि विषय संपला.

झालं असं की ऑफिसमधल्या एकाचे सासरे या वुडटर्निंगवाल्या क्लबात आहेत. महिन्यातून एका रविवारी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सगळे जमतात, लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या मशीनवर, लाकूड कातत बसतात, चहा पितात, एकमेकांच्या वाट्या उलट्यापालट्या करून बघतात आणि संध्याकाळी घरी जातात. मला बरेच दिवस एक लाकडी वाटी स्वतः करायची होती. वाटी, हे लक्षात ठेवा.

नेरूळ-ठाणे गाडीचं एक बरं आहे, रविवारी सकाळी चक्क बसायला मिळतं. पण ठाण्याला ती येते 9-10 नंबरच्या बाजूला आणि वागळेला जायचं तर अख्खा पूल तुडवत पश्चिमेला यायचं, आणि रविवार असला तरी त्या पुलावर गर्दी ती असतेच. पुढे रिक्षा. वागळेत रस्ते नंबरांनी ओळखतात, 16 नंबर, 22 नंबर, आणि ते नंबर कुठल्या हिशोबाने दिलेत हे मला आजवर कळलेलं नाही. रिक्षावाल्यालाही बहुतेक नसावं, कारण आम्ही एकाच चहाच्या टपरीवरून दोनदा गेलो.

गाळ्यात शिरल्यावर पहिलं काय जाणवलं तर वास. जांभळाचं ओलं लाकूड कातलं की तुरट-आंबट असा एक वास सुटतो, घशाला जाणवतो अगदी. जमिनीवर घोट्याएवढा भुगा आणि लांब लांब साली. चार लेथ, त्यातला एक कुणीतरी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून घरीच बनवलेला आणि गंमत म्हणजे त्याच्यासमोरच सगळ्यात मोठी लाईन. माणसं म्हणाल तर रिटायर्ड इंजिनियर काका बरेच, एक डेंटिस्ट, दोन कॉलेजची मुलं, आणि कोपऱ्यात स्टुलावर मूळचे सावंतवाडीकडचे एक आजोबा. एवढ्या सगळ्यांत खानदानी कातारी ते एकटेच. बाई एकटी मी.

दारातच माझी ओढणी, कडं, घड्याळ सगळं काढून घेतलं. बाह्या कोपराच्या वर, केस बांधून आत, तोंडावर पारदर्शक शील्ड. मी शहाणपणा करून ग्लोव्हज नेले होते तर ते आधी बॅगेत टाकायला लावले. हातमोजा फिरत्या लाकडात अडकला तर मोज्याबरोबर हातही जातो, म्हणून लेथवर मोजे नाहीतच.

आणि मग सुरू झालं. पहिले काका आले, "ताई, पहिल्यांदाच ना? मग तुम्ही लाटणं करा." म्हटलं मला वाटी करायची आहे. "वाटी नंतर हो, लाटणं घरात उपयोगी पडेल." पाच मिनिटांनी दुसरे काका, "काय करताय? लाटणं करा." तिसरे तर शिसवीचा तुकडा हातात घेऊनच आले. माझ्याबरोबरच आलेल्या कॉलेजच्या एका पोराला मात्र कुणी लाटणं सुचवलं नाही, तो पण पहिल्यांदाच आला होता, त्याला डायरेक्ट पेन करायला बसवलं. माझं डोकं असं सटकलं की काय सांगू. मी नेरूळहून दीड तास प्रवास करून आले ते काय स्वयंपाकघरात परत जायला?

मी तोंड पाडून उभी, तर मागे या काकांचा वाद पेटलेला. लाटण्याला मधे पोट किती ठेवायचं. एक म्हणतात टोकापेक्षा मधे तीन मिलीमीटर जास्त, दुसरे म्हणतात अजिबात नको, सरळ सिलिंडर पाहिजे, तिसऱ्यांनी कॅलिपर काढून कुणाचं तरी मोजायला घेतलं. पंधरा मिनिटं! आकृत्या काढून! शेवटी मला राहवेना, मी विचारलं, "काका, तुमच्यापैकी घरी पोळ्या कोण लाटतं?"

एकदम शांत. एकाने शील्ड पुसायला घेतली. डेंटिस्ट हसले आणि म्हणाले मी मॅगी करतो.

कोपऱ्यातले आजोबा मात्र खदखदून हसले. म्हणाले, "आमच्या हिका माझां लाटणां आवडत नाय, ती बाजारातलां वापरता." आणि उठून लेथपाशी आले.

पुढची चार-पाच मिनिटं मी कधीच विसरणार नाही. शिसवीचा चौकोनी तुकडा दोन टोकांत पकडला, मशीन चालू केलं, आधी रुंद गाउजने, म्हणजे पन्हाळीसारख्या पात्याच्या हत्याराने, कोपरे उडवले, टकटक टकटक असा आवाज हळूहळू सलग गूं होत गेला की समजायचं गोल झालं. मग स्क्यू चिझल घेतली, तिरक्या धारेची सपाट पट्टी असते ती. या हत्याराला क्लबातले निम्मे लोक घाबरतात, सॅंडपेपरने भागवतात. आजोबांनी धारेमागचा उतार आधी नुसता फिरत्या लाकडावर टेकवला, काहीच कापलं नाही. मग मनगट केसभर वळवलं आणि सुर्र् करत कागदासारखी पातळ रिबीन त्यांच्या अंगठ्यावरून निघत राहिली, तुटतच नव्हती. लाटणं लांब आणि बारीक, त्यामुळे मधोमध थरथरतं, तर डाव्या हाताची बोटं त्यांनी मागून नुसती आधाराला लावली होती. सॅंडपेपर नाही की काही नाही. बंद केल्यावर हात लावला तर गारगोटीसारखं गुळगुळीत. वर लाखेची लाल कांडी फिरत्या टोकाला दाबली, घासून घासून ती वितळली आणि मुठीला लाल पट्टा आला. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी भातुकलीची भांडी अशीच रंगतात म्हणाले. चन्नपट्टणला मैसूरच्या वाटेवर पण हेच बघितलं होतं मी, तिथे वर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात.

म्हटलं द्या, मी लाटणंच करते.

आणि काय सांगू. उतार टेकवायच्या आधीच मी धार टेकवली, धाड्कन आवाज, हत्यार हातातून उडायला बघतंय आणि लाकडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रूसारखी नागमोडी चर. याला कॅच म्हणतात म्हणे. तीन वेळा झाला. चर काढायला आणखी लाकूड काढायचं, की परत कॅच, परत काढायचं. आजोबा मागून "घाय करू नको गो, लाकूड फिरताच हा" एवढंच म्हणत होते. दीड तासाने माझ्या हातात जे आलं ते आधीच्या जाडीच्या निम्मं होतं आणि मधेच फुगलेलं. घाम, बोटांना मुंग्या, चेहऱ्यावर भुगा. पोराचं पेन झालं होतं, त्याने त्याच पेनाने सही पण करून दाखवली. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू.

बाकीचा दिवस असाच गेला. वडापाव, चहा, मग सगळ्यांनी आणलेल्या वस्तू टेबलावर. डेंटिस्टची वाटी पावसात पडलेल्या पर्जन्यवृक्षाची होती, ओलं असताना जाडजूड कातून ठेवली, घरच्या किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन केलं, वजन उतरायचं थांबलं तेव्हा परत कातली. घाई केली असती तर तडकली असती. शेवटी लाकडाच्या तुकड्यांची लॉटरी, त्यात मला त्याच झाडाचा सहा किलोचा ठोकळा लागला, जो मी मांडीवर घेऊन ट्रेनमधून आणला. शेजारच्या बाईंनी विचारलं खोड आहे का, कशाला? मी वाटी म्हटलं.

सोमवारी लाटणं आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींना दाखवलं, कारण खरं सांगते, पोळ्या मलाही येत नाहीत, हे मी गाळ्यात कुणाला बोलले नव्हते. मावशींनी हातात घेतलं, पोळपाटावर एक पोळी लाटली, उजेडाला धरली.

"ताई, मधे पोट जास्त आलंय याला. पोळी मधे कागद आणि कडेला भाकरी होतेय."

मग ओट्यावर बाजूला ठेवून म्हणाल्या, "शेंगदाण्याचा कूट करायला बरं पडेल."

आता ते कुटाच्या डब्याशेजारी असतं. ठोकळा बाल्कनीत, कागदी पिशवीत, दर रविवारी वजन करते. पावणेसहा झालाय.