गरीब असल्याचा दाखला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाडकी बहीणवरून राडा ठरलेला आहे. हप्ता जमा झाल्याची बातमी आली रे आली की कोणीतरी 'आमच्या टॅक्सच्या पैशावर' म्हणून सुरू होतो, दुसरा त्याला आकडे चिकटवतो, मग ॲडमिन 'गुड मॉर्निंग' टाकून सगळं झाकतो. मी तिथे काही लिहीत नाही, उगाच लिफ्टमध्ये तोंडं चुकवावी लागतात. पण डोक्यात बरंच साठलंय म्हणून इथे लिहितोय.

पैसे फुकट वाटावेत का नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे, की माणूस खरंच अडचणीत येतो तेव्हा सरकारची मदत त्याच्या आधी त्याचे कागद का बघते?

एप्रिल २०२१ आठवा. दुसरी लाट, परत कडक निर्बंध, आणि राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, रिक्षावाले, फेरीवाले, प्रत्येकाला १,५०० रुपये. ऐकायला छान. पण त्यातला कळीचा शब्द होता 'नोंदणीकृत' किंवा 'परवानाधारक'. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पुण्यात धुणीभांडी करतायत त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण घरेलू कामगार मंडळ नावाचं काही असतं हेच त्यांना तेव्हा कळलं. बांधकामवाल्यांचं तर आणखी अवघड, त्यांना नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि जो माणूस रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहून मिळेल त्या टेम्पोत चढतो त्याला तो दाखला देणार कोण? रोज मुकादम नवा.

रेशनचंही तेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केंद्राचं माणशी ५ किलो धान्य फुकट आलं, पण ते अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्यांना. शहरात त्या यादीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९,००० च्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. केशरी कार्ड आहे पण यादीत नाव नाही, अशांना नंतर ८ रुपयाने गहू आणि १२ रुपयाने तांदूळ मिळाला. आणि कार्ड गावाकडे, पोट पुण्यात, अशांचं काय झालं ते तेव्हा सिंहगड रोडवर जेवणाच्या पाकिटांच्या लायनीत दिसत होतं.

सगळ्यात भारी संजय गांधी निराधार योजना. दिव्यांग सोडून इतरांना महिना १,५०० रुपये अनुदान, आणि अट काय तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. १,५०० गुणिले बारा म्हणजे १८,०००, हे सरकारच देतं, म्हणजे अनुदान वर्षभर नीट मिळालं तर बाई जवळपास मर्यादेला टेकलीच की! आणि एवढ्या उत्पन्नात पुण्यात कोणी जगून दाखवावं, अपर इंदिरानगरला पत्र्याच्या खोलीचं भाडंही सुटणार नाही. त्यामुळे खरं उत्पन्न सांगितलं तर बाद, आणि कमी सांगितलं तर खोटारडे, की ग्रुपवर बोलायला मोकळे.

हे असंच असतं असं मला वाटायचं. मग एकदा मावशींनी त्यांच्या आईचं सांगितलं. त्या मूळच्या बीडकडच्या, ७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, लहान पोर झाडाखाली झोळीत. "कामावर यायचं, हजेरी लागायची, सुकडी मिळायची," (म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं) एवढंच. "तू गरीब आहेस का?" असं तिथे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, मे महिन्याच्या उन्हात हौसेने दगड फोडायला कोण येतंय!

ही आपल्याच राज्याची अक्कल आहे हो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा हा प्रयोग सुरू केला, ७२-७३ च्या दुष्काळात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, मग १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितलं की सरकारने द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो थेट २००५ मध्ये.

आणि याचे पैसे कुठून आले? तर तुमच्या-आमच्या खिशातून. सॅलरी स्लिपवर तो पीटी कापलेला असतो ना, महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००, तो व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच आणला, शहरातल्या पगारदाराने द्यायचा, तेवढीच भर राज्याने घालायची आणि खेड्यातल्या माणसाला काम द्यायचं. माझे बाबा नोकरीला होते, त्यांचाही कापला जायचा, त्यांनी कधी त्यावर कुरकुर केलेली मला आठवत नाही. (बाकी सगळ्यावर केली, अगदी पीएमटी बसच्या तिकिटावरसुद्धा.)

रोहयो, म्हणजे ही रोजगार हमी योजना, काही स्वर्ग नव्हता हेही सांगतो. बोगस मस्टर (हजेरीपट), मुकादमाची कटकट, मजुरी महिना महिना उशिरा, आणि काही ठिकाणी फोडलेली खडी तशीच पडून राहिली. मावशींच्या आईलाही शेवटी गाव सोडून पुण्याला यावंच लागलं, तशी मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं त्या दुष्काळात इथे आली, पुढे त्यातल्या कितीतरी बायका कचरा वेचायला लागल्या. पण दारातच 'कागद दाखव' नव्हतं, हा फरक मला फार मोठा वाटतो.

शहरात असं एकच काहीतरी मला दिसलं, शिवभोजन. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं, १० रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात, शहरात वरचे ४० रुपये सरकारचे. कोरोनात ५ रुपये केलं, मग फुकट. ॲपमध्ये फोटो काढतात तेवढाच, उत्पन्नाचा दाखला नाही. आणि गंमत बघा, कारवाले तिथे घुसले असं काही झालं नाही.

मग काम मागण्याचा हक्क शहरात का नको? राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी १०० दिवसांची हमी आणली होती, केरळमध्ये २०१० पासून आहे, आणि ज्या राज्याने हे सगळ्यांना शिकवलं तिथे पुण्यात बाईचं काम गेलं तर ती जाणार कुठे? कामं काय कमी आहेत का, पावसाळ्याआधीची नालेसफाई, टेकड्यांवरची झाडं जगवणं, मनपाच्या शाळांची डागडुजी. यातलं बरंच आज ठेकेदाराला जातं आणि तो माणसं कुठून आणतो, किती देतो हे आपण विचारत नाही. थेट मजुरांना दिलं तर काम ढिसाळ होईल असं माझा एक मित्र म्हणतो. आंबिल ओढ्याला पूर आला त्या वर्षी तो सहकारनगरला राहायचा, त्यामुळे ठेकेदाराची सफाई किती चोख असते हे त्याला विचारलं, तर म्हणाला तो विषय वेगळा आहे.

सध्या मावशींची लाडकी बहीणची ई-केवायसी अडकलीये. नवऱ्याचा नाहीतर वडलांचा आधार मागतायत आणि दोघंही हयात नाहीत. विधवांसाठी सोय केलीये म्हणे, पण त्याला मृत्यूचा दाखला लागतो आणि नवरा गेला गावाकडे, त्यामुळे आता आधी बीडला कोण जाणार ते ठरतंय.