पंपाच्या खोलीची भिंत

चेंबूरमधल्या आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीची मागची भिंत चांगली दहा फूट उंच आहे आणि तिला एकही खिडकी नाही. गेली दोन वर्षे सकाळी साडेसहा ते सात मी त्या भिंतीशी टेनिस खेळतो. जमिनीपासून तीन फुटांवर खडूने रेघ ओढलेली असते, कारण नेटची मध्यभागी उंची तेवढीच, म्हणजे 91.4 सेंटिमीटर असते.

पहिले सहा महिने मी जोरात मारण्याची चूक करत राहिलो. टेनिसचे कोर्ट 23.77 मीटर लांब असते. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेवरून, मारलेला चेंडू समोरच्याकडे जाऊन परत येईपर्यंत जवळजवळ 47 मीटर अंतर कापतो. आमच्याकडे मागे गाड्या लावलेल्या असल्यामुळे मला भिंतीपासून जेमतेम सात मीटरांवर उभे राहता येते, म्हणजे चेंडू चौदा मीटरांतच परत समोर हजर होतो. जितका जोर जास्त, तितका तो लवकर येतो. एवढ्या वेळात खांदे वळत नाहीत, रॅकेट मागे जात नाही आणि चेंडू नुसत्या मनगटाने ढकलला जातो. शेवटी कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ येऊ लागली की दुधाची पिशवी उचलणेही नकोसे झाले आणि दीड महिना रॅकेट खाली ठेवावी लागली.

पुन्हा सुरुवात केली ती चेंडूचे दोन टप्पे पडू देऊन. खेळाच्या नियमात हे बसत नाही, पण भिंतीशी खेळताना दुसरा टप्पा हाच आपला हक्काचा वेळ असतो : त्यात पाय जागेवर येतात, पकड बदलता येते आणि फटका पूर्ण करता येतो. शिवाय मी हिरव्या ठिपक्याचा, कमी दाबाचा चेंडू घेतला. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 25 टक्के संथ असतो. स्वीडनचा नामवंत टेनिसपटू ब्यॉन बोर्ग लहानपणी घराच्या गॅरेजच्या दारावर तासन्‌तास चेंडू मारत असे, हे मी पूर्वी वाचले होते आणि त्यातले तासच तेवढे लक्षात ठेवले होते. चेंडू परत येण्याआधी आपण तयार असणे हे खरे काम आहे, हे मला कोपर दुखल्यावर उमगले.

गेल्या जूनमध्ये पहिल्या सरींनंतर आणखी एक गोष्ट दिसली. भिंत छज्ज्याखाली असल्याने कोरडी होती, फरशी मात्र ओली, त्यामुळे भिजलेल्या चेंडूचा प्रत्येक वेळी भिंतीवर गोल, गडद ठसा उमटत होता. फोरहँडचे ठसे रेघेच्या हातभर वर एका घोळक्यात होते, बॅकहँडचे, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूने मारलेल्या फटक्यांचे, मात्र रेघेवर, रेघेखाली, पार कोपऱ्यापर्यंत विखुरलेले. इतके दिवस जो फटका मला बरा जमतो असे वाटत होते, त्याचा हिशेब समोर होता. ते ठसे वाळून नाहीसे होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

पाणी प्यायलेला चेंडू जड होतो आणि कोपराला ते मानवत नाही, म्हणून पावसात खेळणे मी टाळतो. पण आता कोरड्या दिवसांतही चेंडू खडूच्या भुकटीत घोळवून ठसे पाहतो. सध्या रोज फक्त बॅकहँड, वीस-वीसच्या खेपा. काल वीसपैकी बारा रेघेच्या वर गेले.