चुकीच्या पावलावर 'थम'

रविवार, रात्र

घसा बसलाय. आज एनसीसीच्या परेडच्या मधेच उस्तादांनी, म्हणजे आम्हाला ड्रिल शिकवणाऱ्या फौजी हवालदारांनी, मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "अंडर ऑफिसर, स्क्वाड आप चलाओ." तीन वर्षं याच मैदानावर दुसऱ्याच्या शब्दावर वळतेय. सावधानमध्ये पंजांत ३० अंश, विश्राममध्ये टाचांत १२ इंच, हे आता झोपेतही जमेल. पण तीसेक पोरींसमोर एकटीनं उभं राहिलं की हेच मैदान केवढं मोठं दिसतं!

"तेज चल" निभावलं. "पीछे मुड"ला आवाज फाटला. पुढच्या पोरींनी ऐकलं, त्या वळल्या. मागच्यांना ऐकूच गेलं नाही, त्या तशाच येत राहिल्या. मध्यभागी बेरे टोप्यांना बेरे टोप्या धडकल्या. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. नंतर वडापाव आणि केळं घेताना कोणी हसलंही नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेत हेच करून दाखवायचंय. आणि नुसतं पास होऊन भागणार नाही, किमान बी ग्रेड हवी. ती मिळाली आणि पदवीला ५० टक्के असले की सैन्यात ऑफिसर होण्याच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबीची, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत. तिथून निवड होऊन मेडिकल, मेरिट सगळं पार पडलं तर चेन्नईच्या ओटीएमध्ये, ऑफिसरांच्या ट्रेनिंग अकादमीत, ४९ आठवडे. पण त्याआधी आवाज.

मंगळवार

सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ, साडेदहाला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. टायट्रेशनमध्ये ब्युरेटचं रीडिंग घेताना पोटऱ्या थरथरत होत्या. कॅम्पमुळे माझी तीन प्रॅक्टिकल्स बुडलीत. सरांनी जर्नलवर सही केली, पण "देशसेवा नंतर कर, आधी हजेरी भर" हे वर्गासमोर ऐकवूनच. राग आला. पण खरं सांगायचं तर जर्नल अर्धं मैत्रिणीचं बघून उतरवलेलं होतं, त्यामुळे मान वर करायची सोय नव्हती.

बुधवार, पहाटे

काल रात्री डब्ल्यूएटीचा, एसएसबीतल्या शब्दांवरून वाक्यं लिहायच्या चाचणीचा, सराव केला. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते पहिलं वाक्य लिहायचं. मोबाईलवर शब्द बदलत गेले, मी लिहीत गेले. मग चहा घेऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता चहा गार झाला.

'ऑर्डर' या शब्दापुढे: आदेश पाळल्याने काम वेळेत होते. 'लीडर'पुढे: चांगल्या नेत्याचे सगळे ऐकतात. 'टीम'पुढे: संघात शिस्त पाळावी. एकूण १७ वाक्यांत कोणी ना कोणी कोणाचं तरी ऐकतंय, पाळतंय, मानतंय. ठरवणारी माणसं चार.

हे माझ्या एकटीचं नसावं. आजीचं माहेर मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण तिथे दगडात कोरलेली आहे आणि आजही घरटी कोणी ना कोणी फौजेत असतं. आमच्याकडे आबा, माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. बेळगावला रंगरूट म्हणून गेले, १९७१ची लढाई पाहिली, पेन्शन घेऊन आले. चुलते, मामा, सगळे जवान, नायक, हवालदार. जेवताना कोणी अधिकाऱ्याचं नाव काढलं की पाठीमागे 'साहेब' आपोआप लागतं. आमच्या बोलण्यात साहेब म्हणजे दुसऱ्याच घरातला माणूस.

गंमत म्हणजे मी ऑफिसर झाले तरी आबांच्या रेजिमेंटमध्ये जाता येणार नाही. इन्फंट्री अजून मुलींना उघडलेली नाही. मुलींसाठी सिग्नल्स आहे, इंजिनिअर्स आहे, २०२३पासून तोफखानाही आहे. हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तोफखाना बी वाईट न्हाई. आमच्या डोक्यावरनं त्येंचंच गोळं जायाचं."

गुरुवार

संध्याकाळी दूध घालून आबा ओट्यावर बसले होते. मी रविवारचा किस्सा सांगितला. त्यांना हसू आवरेना. मग उठले, टोपी नीट केली.

"दे बघू वर्ड."

मी लाजत लाजत "तेज चल" म्हटलं.

"घशातनं नको. पोटातनं काढ. म्हस हाकतीस का स्क्वाड?"

चार वेळा झालं. पाचव्यांदा शेजारच्या काकू परड्यातून डोकावल्या, म्हणजे आवाज तिथवर पोचला. आबा निघाले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, एक गुडघा धरलेला, पण हात खांद्याबरोबर उचलत अंगणातून गोठ्याकडे. मी "थम" म्हटलं. ते चालतच राहिले. परत म्हटलं. तरी चालतच. गोठ्याच्या भिंतीपाशी गेले तरी थांबले नाहीत, तिथेच पाय आपटत कदमताल सुरू.

"आबा, थम म्हटलं की मी!"

"चुकीच्या पावलावर म्हणालीस. चुकीच्या पावलावर दिलेला वर्ड मी घेत न्हाई."

म्हैस मान वळवून बघत होती. मी मनात पावलं मोजली, एक-दोन, एक-दोन, आणि नीट बघून शब्द टाकला. चप्पल जमिनीवर आपटली, आबा थांबले.

मला वाटत होतं की हुकूम सोडणं म्हणजे ओरडणं. ऐकणाऱ्याचं पाऊल कुठे पडतंय तिकडे डोळे ठेवून बोलायचं असतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि हे दाखवलं कोणी, तर आयुष्यभर दुसऱ्याचे वर्ड घेतलेल्या माणसानं. एवढी वर्षं त्यांना कळत असणारच, कोणता साहेब पाय बघून बोलतोय आणि कोणता नाही. विचारलं तर म्हणाले, "कळायचं की. पन थांबायचं सगळ्यांच्याच शब्दाला. आत्ता पेन्शनीत हाय, म्हून न्हाई थांबलो."

आमचे उस्तादही हवालदारच, आबांच्याच हुद्द्याचे. उद्या माझ्या खांद्यावर दोन तारे लागले तर हेच मला आधी सॅल्यूट करतील. विचार करूनच अवघडल्यासारखं होतं.

रविवार

शनिवारी रात्रीच पितळेचा बॅज ब्रासोने घासून ठेवला होता. सहाची एसटी चुकली, मागची मिळाली, फॉल-इनला कशीबशी पोचले.

आज उस्तादांनी परत बोलावलं. आवाज ठीक निघाला. दोनदा "पीछे मुड" सगळ्यांनी एकत्र घेतलं. "थम"ला एकच खाडकन आवाज आला, आणि त्यामागून अर्ध्या क्षणाने आणखी एक. शेवटच्या रांगेतली फर्स्ट इयरची पोरगी एक पाऊल पुढे गेली होती. तिचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "सगळी थांबली का?"

"एक पुढं गेली."

"मग? झापलंस?"

"नाही. सगळ्यांना परत चालवलं. तिच्या पायाकडं बघून थम म्हटलं."

आबांनी "हं" केलं आणि रेडिओचा कान पिळला. मी जर्नल काढलं. उद्या सरांना दाखवायचंय, आणि ह्या वेळी आकडे माझे स्वतःचे आहेत.