चित्राच्या पाठीवरचा शेरा

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि गेली नऊ वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करते आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगण्याचे कारण असे, की दिवसभर मी जे काम करते त्यात चूक झाली की नाही हे कळण्याची सोय असते. जमा-नावे जुळले नाही तर कुठेतरी चुकले आहे, आणि जुळले तर त्या दिवसापुरते तरी निर्धास्त घरी जाता येते. चित्राला असा ताळा नाही. कागद पुरा झाल्यावर तो जमला की फसला हे सांगणारी बेरजेची ओळ कुठेच येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत ‘हे आपले काम नव्हे’ ही शंका येऊन बसते. सराव वाढला की ती आपोआप जाते, असे मला सुरुवातीला पुष्कळांनी सांगितले होते. माझी गेलेली नाही. मात्र ती केव्हा येते आणि तिचे कितपत ऐकायचे याविषयी थोडेफार उमजले आहे, ते लिहून ठेवते.

तैलरंगात शंका घेऊनही काम करता येते. चुकलेला भाग खरवडावा, वर दुसरा थर द्यावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. जलरंगात ही मुभा फार थोडी, कारण रंग पारदर्शक असतो आणि चित्रातला पांढरा म्हणजे बहुधा न रंगवलेला कागद असतो. तो एकदा झाकला की पहिल्यासारखा परत मिळत नाही. त्यातून ओला असताना भरपूर गडद वाटलेला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, वाळला की फिका पडतो. त्यामुळे प्रत्येक चित्रात एक वेळ अशी येते, की ओल्या रंगाची चमक गेलेली असते, सावल्या अजून पडलेल्या नसतात, आणि समोरचा कागद विटलेल्या फडक्यासारखा दिसतो. माझी शंका नेमकी तेव्हा येते. पुढे चित्र बरे होवो वा वाईट, ती याच टप्प्यावर हजर असते, हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली. तोवर मी तिला माझ्या कुवतीवरचा निकाल समजत होते.

ती नुसती मनात राहिली असती तरी चालले असते, पण ती हातात उतरते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आणि त्याखाली अर्धचंद्राकृती घाट आहे. वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे, पण आमच्यासारखे लोक तिथे जातात ते पायऱ्यांवरच्या उन्हासाठी. चार वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका सकाळी मी त्याच पायऱ्या रंगवत होते. काळ्या पाषाणासाठी ट्यूबमधला काळा घेतला की दगड मेल्यासारखा दिसतो, म्हणून अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला करडा घेतला होता, आणि पहिला वॉश, आता आठवते त्याप्रमाणे, चांगला बसला होता. एप्रिलमध्ये त्या घाटावर वॉश पाहता पाहता वाळतो. तो वाळून फिका पडला आणि मला दगड दगडासारखा वाटेना, म्हणून वर दुसरा हात दिला. तो अर्धवट ओला असतानाच कडा मऊ करण्यासाठी पाण्याचा ब्रश टेकवला, तशी तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटला. डाग काढायला म्हणून कागद घासला, तर तो स्वस्तातला, लगद्याचा कागद असल्याने त्याची लव निघू लागली. अर्ध्या तासात घाटाचा चिखल झाला. यातली एकही गोष्ट मी समोर काही दिसले म्हणून केलेली नव्हती. आधीच्या फटकाऱ्यावर विश्वास नव्हता, एवढेच प्रत्येक पुढच्या फटकाऱ्याचे कारण होते.

आमच्या रविवारच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ चित्रकार, ज्यांना सगळेच सर म्हणतात, माझ्या मागे केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलेही नाही. “ताई, इतक्यात मान वर करून घाटाकडे पाहिलंत का?” एवढेच त्यांनी विचारले. मी पाहिले नव्हते. ऊन पायरीभर सरकून गेले होते तेही माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण माझे लक्ष घाटावर नव्हते, कागदावरही नव्हते. मी केव्हाची माझ्याकडेच पाहत बसले होते.

सरांनी त्या दिवशी काही उपदेश केला नाही. परतताना चहाच्या टपरीवर त्यांनी कारकुनी वाटावा असा एक उद्योग सुचवला, आणि कदाचित म्हणूनच तो मला पटला. चित्र थांबवले की त्याच बैठकीत त्याच्या पाठीवर पेन्सिलने तारीख घालायची आणि मनात येईल तो शेरा लिहायचा, कितीही वाईट असला तरी. मग कागद फडताळात उपडा ठेवायचा आणि वर्षभर काढायचा नाही. फाडायचा तर नाहीच.

वर्षाने ३४ कागद निघाले. पाठीकडे न पाहता मी त्यांचे बरे, मध्यम आणि फसलेले असे तीन गठ्ठे केले आणि मग एकेक उलटून शेरा वाचला. ‘फाडण्याच्या लायकीचे’ किंवा त्या अर्थाचा शेरा ११ कागदांवर होता, आणि त्यांतले चार मी आत्ताच बऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवलेले होते. उद्गारचिन्हासह ‘जमले!’ असे पाच कागदांवर होते. त्यांतले तीन मला बघवेनात. एवढ्या आकड्यांवरून कसलाही सिद्धान्त मांडू नये हे मला माझ्या धंद्याने शिकवले आहे, तेव्हा तो मांडत नाही. पण शेऱ्यांची भाषा वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. ‘डावीकडची सावली जड झाली’, ‘झाड आणि वाडा एकाच छटेत, सुटे होत नाहीत’, ‘पाण्यातले प्रतिबिंब वरच्या वस्तूपेक्षा उजळ’ असे शेरे जवळजवळ सगळे वर्षानंतरही खरे होते, चित्र कोणत्याही गठ्ठ्यात असो. ‘उगाच वेळ घालवते आहे’, ‘या वयात हा खटाटोप कशाला’ हे शेरे मात्र एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर लिहिले असते तरी चालले असते. त्यांचा खालच्या चित्राशी काहीच संबंध नव्हता.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानची एक हकीकत इथे आठवते. ती चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार याने स्वतः लिहून ठेवली आहे. १८९९ मध्ये, साठीला आलेल्या सेझानने व्होलारचे व्यक्तिचित्र करायला घेतले. व्होलारच्या म्हणण्यानुसार ११५ बैठका झाल्या, आणि एवढे करून चित्र अपुरेच राहिले; शर्टाच्या पुढच्या भागाविषयी आपली नाराजी नाही, एवढेच काय ते सेझानने कबूल केले. हातावर दोन बारीक ठिकाणी रंग लागायचा राहिला होता, तो व्होलारने दाखवून दिला. तिथे अंदाजाने काहीतरी लावून दिले तर त्या जागेपासून धरून सगळे चित्र पुन्हा रंगवावे लागेल, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ते चित्र आता पॅरिसच्या प्ती पॅले संग्रहालयात आहे, आणि त्या दोन जागा तशाच कोऱ्या आहेत.

थोर माणसांनाही शंका असते, हे सांत्वन मला कधी पुरलेले नाही. ते थोर होते, त्यांना परवडत असेल. या हकीकतीत मला उपयोगाचे वाटते ते असे, की सेझानच्या शंकेला कॅनव्हासवर पत्ता होता. शर्ट ठीक, हाताच्या दोन जागा कळलेल्या नाहीत. त्यावर मी माझ्यापुरता नियम केला, की ज्या शंकेला कागदावर नेमके बोट ठेवून दाखवता येत नाही तिच्यासाठी ब्रश उचलायचा नाही. पहिला वॉश झाला की मी पॅलेट खाली ठेवते आणि उठून चालू लागते. पावसाळ्यात, जेव्हा वॉश अर्धा अर्धा तास वाळत नाही, तेव्हा हे चालणे चांगलेच लांबते. परत आल्यावर आधी समोरच्या दृश्याकडे पाहायचे, मग कागदाकडे, आणि मग बोट ठेवायचे. बोट ठेवता आले तर दुरुस्ती. नाही आले तर पुढचा टप्पा, मन काहीही म्हणो.

तुलनेतून येणारी शंका या नियमाला जुमानत नाही, हेही सांगितले पाहिजे. निरांजन हातात घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे सावळाराम हळदणकरांचे चित्र, ज्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती आणि जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ते पुष्कळजण रविवर्म्याचे समजतात. मी निदान नाव बरोबर सांगत असे, पण चित्र तैलरंगातले असणार हे गृहीत धरून चालले होते. ते जलरंगात आहे, हातावरचा आणि चेहऱ्यावरचा तो उजेड पाणी आणि कागद यांतून काढलेला आहे, हे समजल्यावर मी आठवडाभर ब्रशला हात लावला नाही. हे हास्यास्पद होते, कारण म्हैसूरच्या त्या भिंतीवर मला कोणी जागा देऊ केलेली नव्हती. पण हास्यास्पद आहे हे कळले म्हणून आठवडा लवकर संपला, असे काही झाले नाही. एका वार्षिक प्रदर्शनातून दोन चित्रे परत आली तेव्हाही असेच झाले, फक्त त्या वेळी तीन आठवडे गेले.

आणखी एक कारण अगदी रोकड आहे. सुती कागदाचा २२ बाय ३० इंचांचा ताव महाग असतो, आणि महाग कागदापुढे माझा हात जास्त कापतो. आता मी तावाचे चार तुकडे करते आणि फसलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला पुन्हा रंगवते, त्यामुळे शेरा लिहायला जागा उरत नाही आणि तो कडेला बारीक अक्षरांत कोंबावा लागतो. सरांना हे मंजूर नाही. त्यांच्या मते शेरा महत्त्वाचा, कागद नव्हे. हा वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या जानेवारीत पुन्हा मेणवलीला गेलो होतो. तोच घाट, तोच करडा. वाड्याची भिंत आणि वरच्या पायऱ्या होऊन गेल्या, आणि सर्वांत खालची पायरी जिथे पाण्यात शिरते तिथे मी अडले. दगडाचा रंग तिथे संपतो की पाण्याचा सुरू होतो, हे काही केल्या दिसेना. फिरून आले, पुन्हा पाहिले, पुन्हा नाही. बोट मात्र अगदी बरोबर ठेवता येत होते. बोटभर रुंदीचा तो पट्टा मी कोरा सोडला आणि ब्रश धुतले. सरांनी लांबूनच पाहिले, काही बोलले नाहीत. पाठीवर तारीख घातली आणि लिहिले: ‘खालची पायरी कळली नाही. पाणी हिरवे की करडे? सकाळी आठच्या आत जाऊन पाहणे.’