ही ती न्हवं

फॉस्फरसची लोहवाली गोळी सुरू केली की आमच्या डायलिसिस युनिटमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. "संडास काळी होईल, घाबरायचं नाही." हे आधी सांगितलं नाही तर चार दिवसांत रात्री-अपरात्री फोन येतो, आणि पलीकडचा माणूस रडवेला झालेला असतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सिस्टर म्हणून काम करते. पेशंट बहुतेक शेतकरी. काळी संडास म्हणजे पोटात काहीतरी फाटलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आबा आमचे असेच एक पेशंट. त्यांना फेरिक सायट्रेट, म्हणजे हीच लोहवाली गोळी, सुरू केली त्याला दोन कारणं होती. रक्तातला फॉस्फरस ७.८. हवा ५.५ च्या आत. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आणि चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये फॉस्फरस निघतो साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम. तेवढा तर माणूस एका दिवसात खातो, त्यात आमच्याकडे प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट. म्हणून जेवणातच गोळी घ्यायची. गोळीतलं लोह आतड्यात अन्नातल्या फॉस्फेटला धरून ठेवतं आणि दोघं मिळून शौचावाटे बाहेर पडतात. आधी आबा सेव्हेलामर घेत होते, फॉस्फरसचीच पण बिनलोहाची गोळी. ती गोळी ८०० मिलिग्रॅमची, मोठी, आणि तिनं पोट असं घट्ट व्हायचं की आबा ती गुपचूप गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायचे. काकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, सापडली तेव्हा घरात जे झालं ते काकींच्याच तोंडून ऐकावं.

दुसरं कारण म्हणजे रक्तातलं लोहही कमी होतं. फेरिक सायट्रेटच्या एक ग्रॅमच्या गोळीत २१० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडंच अंगी लागतं, पण तेवढ्यानंही शिरेतून द्यायची लोहाची इंजेक्शनं कमी होऊ शकतात. उरलेलं सगळं खाली जातं, म्हणून तो रंग. गोळी गिळायची, चावायची नाही, नाहीतर दातही काळे. (लोहाचीच दुसरी एक गोळी येते, सुक्रोफेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइड. ती मात्र चावूनच खायची असते. पेशंट एकमेकांना सल्ले देतात तेव्हा इथे हमखास घोळ होतो.) आबांना दोन जेवणांत दोन-दोन गोळ्या दिल्या. पोट मोकळं झालं, महिन्याभरात फॉस्फरस ५.६ वर आला, आबा खूश.

त्या सोमवारी पहिल्या शिफ्टला आबा आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून. वजन केलं तर जेमतेम एक किलो वाढलेलं. एरवी दोन डायलिसिसच्या मधे तीन किलो पाणी अंगात साठवून येणारा माणूस. बीपी नेहमी १६०च्या घरात, आज १०८. नाडी ११४. उभं करून पुन्हा बीपी बघितलं तर ८८, आणि आबा डोळे मिटून कॉटची दांडी शोधायला लागले.

"उन्हाचं झालंय," मुलगा म्हणाला. "दोन दिवस जेवलेबी न्हाईत."

"संडास?"

"काळीच की. गोळीची." त्यानं मोबाइल काढून आमच्याच माहितीपत्रकाचा फोटो दाखवला. गावातल्या डॉक्टरांनीही आदल्या दिवशी तो फोटो बघून गोळीमुळेच असं सांगितलं होतं. कुणाचंच काही चुकीचं नव्हतं, कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

काकी मागे पिशवी धरून उभ्या होत्या. पुरुषमंडळी बोलत असताना त्या मध्ये पडत नाहीत. मी खालची पापणी ओढून बघत होते, ती पांढरी फटक. तेवढ्यात त्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "सिस्टर, रंग त्योच हाय. पन ही ती न्हवं."

"म्हणजे?"

"दीड म्हैना म्या बघती. काळपट-हिरवी व्हती, बांधून व्हायची, पानी टाकलं की जायाची. परवापासनं डांबरावानी. चार तांबं वतलं तरी भांड्याला चिकटून ऱ्हाती. आन् वास..." त्यांनी पदर नाकाला लावला.

एखाद्या प्राध्यापकानं मेलेना, म्हणजे आतल्या रक्तस्रावानं होणारी काळी संडास, यापेक्षा नीट शिकवला असता असं मला वाटत नाही. लोहानं झालेली संडास काळी असते, पण चिकट नसते आणि तिला तो सडका वास नसतो. वरच्या आतड्यात रक्त सांडलं की ते पचत-पचत खाली येतं, तेव्हा डांबर होतं. किडनीच्या पेशंटमध्ये एक आणखी अडचण. रक्तातला युरिया मुळातच वाढलेला, त्यामुळे रक्तस्राव झाला की युरिया चढतो ही नेहमीची खूण इथे उपयोगाची नाही. त्यात रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, आणि वर आम्ही दर डायलिसिसला रक्त गोठू न देणारं हेपरिन देतो.

हेपरिनची सिरिंज ट्रेमध्ये भरून तयार होती. ती मी बाजूला काढली आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटानं तपासलं, हातमोजा पांढऱ्या गॉजवर पुसला, वर थोडं सलाइन टाकलं. कडेनं लालसर ओघळ पसरला, म्हणजे रक्तच. हिमोग्लोबिन ६.८. मागच्या महिन्यात ९.९ होतं. पोटॅशियम ६.४, तेही साहजिकच. आतड्यात सांडलेलं रक्त पचताना त्यातलं पोटॅशियम पुन्हा शरीरातच येतं, आणि बाहेर टाकायला किडनी नाही.

मग काकींची पिशवी कॉटवर उलटी केली. बीपीच्या गोळ्या, कॅल्शियम, आमच्या लोहाच्या गोळ्या, आणि तळाशी अर्धी संपलेली डायक्लोफेनॅकची पट्टी. गुडघ्यासाठी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. "किडन्या तर गेल्याच हायत, आता दुखायच्या गोळीनं काय व्हनार," असं आबांचं गणित. हे गणित मी पुष्कळ पेशंटकडून ऐकलं आहे. किडनी गेली तरी जठर शाबूत असतं आणि त्याला भोक पडू शकतं, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

नेफ्रोलॉजिस्ट साहेब फोनवर होते. एन्डोस्कोपी आमच्याकडे नाही, साताऱ्याला न्यायला हवं. पण ६.४ पोटॅशियम घेऊन अॅम्ब्युलन्समध्ये घालायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय रक्त द्यायचं तर ते मशीनवरच दिलेलं बरं, कारण पिशवीतल्या रक्तातही पोटॅशियम असतं. ठरलं ते असं: जठरातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल शिरेतून, रक्तपेढीतून दोन पिशव्या, आणि दोन तासांचं बिनहेपरिनचं डायलिसिस, पाणी न काढता.

बिनहेपरिनचं डायलिसिस म्हणजे सिस्टरला खुर्ची नाही. दर वीस मिनिटांनी सलाइन सोडून डायलायझर, म्हणजे मशीनवरची रक्त गाळणारी गाळणी, धुवायचा, गुठळी धरतेय का ते बघायचं, जेवढं सलाइन आत गेलं तेवढं हिशेबानं मशीनला काढायला लावायचं. डायलायझरमध्ये काळ्या रेघा दिसायला लागल्या तशी माझी नजर प्रेशरवरून हलेना. गुठळी झाली असती तर आबांचं त्या नळ्यांतलं रक्तही गेलं असतं, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे घालवण्याएवढं नव्हतं. दुसरी पिशवी संपत आली तेव्हा बीपी १२६ झालं. आबांनी डोळे उघडून चहा मागितला. मिळाला नाही.

साताऱ्यात संध्याकाळी दुर्बीण घातली. लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता, रक्त झिरपत होतं. तिथेच इंजेक्शन देऊन क्लिप लावली.

आठवड्यानं आबा परत आले तेव्हा घरात निकाल लागलेला होता: काळ्या गोळीनं घात केला, ती बंद. मुलगा भांडायच्याच तयारीनं आला होता. घात डायक्लोफेनॅकनं केला, काळ्या गोळीनं फक्त तो झाकला, हे त्याला पटायला वेळ लागला. गंमत म्हणजे साहेबांनीही ती गोळी थोडे दिवस थांबवलीच, पण वेगळ्या कारणानं. पुन्हा रक्त सुटलं तर रंग दिसायला हवा. तोवर सेव्हेलामर. आबांनी तोंड वाकडं केलं आणि काकींनी आताच सांगून टाकलं की वळचण रोज तपासली जाईल.

आमच्या माहितीपत्रकात त्यानंतर एक ओळ वाढली. काळी पण चिकट झाली, वास बदलला, चक्कर आली तर त्याच दिवशी फोन करा. साहेबांनी ती शुद्ध मराठीत लिहून दिली होती, आम्ही काकींचे शब्द ठेवले. शिवाय वजनकाट्यावर उभं करतानाच मी आता पेशंटच्या बायकोला किंवा सुनेला विचारते. पुरुषांना विचारून उपयोग नसतो, ते बघतच नाहीत.

अल्सर भरला, हिमोग्लोबिन ९च्या वर गेलं आणि लोहाची गोळी पुन्हा सुरू झाली. त्यानंतरचा फॉस्फरस आला ६.९. गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. शेंगदाणा बंद होता. शेवटी काकीच म्हणाल्या, "अल्सर हाय म्हून सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध देती की."

दूध म्हणजे फॉस्फरसच, आणि त्यानं अल्सर काही भरत नाही, हे मी समजावून सांगितलं. घरची म्हैस, ताजं दूध, आणि सिस्टर नको म्हणतेय. आबा मुलाकडे वळून म्हणाले, "मंग मला मशीनवर घालायच्या ऐवजी म्हशीलाच घाला."