80 आणि 100 च्या मधलं

यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी विकायची होती आणि मी मध्यस्थ होतो. आकडे शंभराच्या हिशेबात सांगतो: मालकांची मागणी 100, खरेदीदार 80 वर अडलेले. सकाळभर नुसती घासाघीस. शेवटी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि विचारलं, "तुमचा आकडा का हलत नाही?"

"चाळीस टक्के उलाढाल एकाच गिऱ्हाइकाची आहे. ते गेलं तर?" खरेदीदार म्हणाले. मालकांना मात्र खात्री होती की ते गिऱ्हाईक कुठेही जाणार नाही. अशा वेळी मार्ग निघतो. ज्याला खात्री आहे त्यानेच जोखीम उचलायची.

मी एकच मसुदा लिहिला. ताब्याच्या दिवशी 82, त्यातले 8 अठरा महिने एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात, जुनी करदेणी निघाली तर त्यातून भागवायला. शिवाय उलाढाल टिकली तर दोन वर्षांत आणखी 22 पर्यंत. ही जादा रक्कम नफ्यावर बांधायची नाही. विक्रीनंतर खर्च खरेदीदाराच्या हातात जातो आणि मुख्य कार्यालयाचा खर्च कंपनीच्या माथी मारला की नफा कागदावरून गायब होतो.

मसुदा दाखवताना "मान्य आहे का?" असं विचारायचं नाही, "यात काय खटकतं?" असं विचारायचं. 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला अमेरिकेने इजिप्त आणि इस्रायलमध्ये असाच एक मसुदा 13 दिवस फिरवला, पुन्हा पुन्हा दुरुस्त केला. इस्रायलने जिंकलेलं सिनाई द्वीपकल्प इजिप्तला परत मिळालं, पण तिथल्या सैन्यावर मर्यादा आल्या. एकाला जमीन हवी होती, दुसऱ्याला सुरक्षितता. याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

दुपारी किंमत जुळली आणि माशी शिंकली ती खेळत्या भांडवलावर, म्हणजे येणी आणि माल यांतून देणी वजा करून धंद्यात फिरत राहणाऱ्या पैशावर. ताब्याआधी येणी भराभर वसूल केली, पुरवठादारांची देणी लांबवली, की रोकड विकणाऱ्याकडे आणि थकबाकी घेणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून या भांडवलाची मागच्या 12 महिन्यांची सरासरी ही पातळी धरली; ताब्यानंतर 60 दिवसांत हिशेब आणि फरक किमतीत वळता. पडून राहिलेला माल त्यात मोजायचा का, यावर दोघे चांगलेच भांडले. ते भांडण टेबलावरच व्हायला हवं, नाहीतर कोर्टात होतं. वर्षाहून जुना माल वगळला. आकड्यांवर वाद झालाच तर तिऱ्हाईत लेखापरीक्षकाचा शब्द अंतिम.

सहीआधी मालकांनी एक कलम वाढवून घेतलं: त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी खरेदीदारांनी आपल्या दुसऱ्या कंपनीकडे वळवल्या, तरी त्या याच उलाढालीत धरायच्या.